व्हॉल्व्हला बांधलेला हार

नाम्या,

शेडची किल्ली मिळाली. काल खंडेनवमीला सुलावहिनींनी ती स्वतः माझ्या हातावर ठेवली. तू गेलास त्या दिवसापासून ती त्यांच्या कमरेला होती, आणि तिच्यासाठी मी आळेफाट्याहून महाळुंगे पडवळला इतके हेलपाटे घातले की तुझा मोत्या आता माझ्यावर भुंकायचीही तसदी घेत नाही. आज दसरा. दुकान उघडून बसलोय, पण आजच्या दिवशी प्लायवूड घ्यायला कोण येतंय! फाट्यावरची सगळी गर्दी झेंडूच्या ढिगांपाशी आहे. ते ढीग बघूनच तुला लिहायला घेतलं. आपला वर्षभराचा वाद काल मिटला, आणि तो कसा मिटला हे ऐकायला तू नाहीस, याचा मला भयंकर राग आलाय.

लबाड माणसा, शाळेपासून ओळखतो मी तुला. तू मामाकडे आळ्याला शिकायला आलास आणि मास्तरांनी तुला माझ्या बाकावर बसवलं. माझ्या आजोबांनी राजस्थानातून येऊन फाट्यावर दुकान टाकलं होतं, एवढ्या भांडवलावर तू मला पहिल्याच दिवशी 'शेठ' करून टाकलंस. पुढे तू फौजेत गेलास, मी गल्ल्यावर बसलो. तू हवालदार होऊन, गुडघा दुखवून घेऊन, निवृत्त होऊन आलास तेव्हा मला वाटलं, आता हा कांदा लावील, गाय घेईल, पारावर बसून फौजेच्या गोष्टी सांगेल. गाय तू घेतलीस. पण एक दिवस दुकानात येऊन विचारलंस, "शेठ, शिवणीचं लाकूड मिळंल का? हलकं, सरळ रेघांचं, गाठ नसलेलं."

"पाट करायचेत का?"

"स्की करायच्यात."

मला आधी ते कळलंच नाही. मग तू काउंटरवरच्या बिलाच्या कागदामागे चित्र काढलंस. बर्फावरून घसरत जायच्या त्या लांब, पुढून वळलेल्या फळ्या. तुझ्याबरोबर बर्फात नोकरी केलेला तो ठाकूर हिमाचलात आपल्या गावी परतला होता, आणि गावातल्या पोरांना स्की शिकवत होता. पोरं पाच-सात वर्षांची, आणि पायात पर्यटकांनी टाकून दिलेल्या मोठ्या माणसांच्या स्की. पोर एकीकडे, स्की दुसरीकडे. एका मुलीचा पाय मोडला तेव्हा ठाकूरचा तुला फोन आला होता. लहान मापाच्या नव्या विकत घेणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. तू त्याला शब्द देऊन बसलास की येत्या बर्फाच्या आत लहान पोरांच्या स्की मी करून पाठवतो. कुठून? तर जिथे बर्फ फक्त उसाच्या रसात घालतात तिथून.

मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. तू म्हणालास, "म्हनून तर तुझ्याकडं आलोय."

स्की म्हणजे नुसती फळी नसते हे मला तेव्हा समजलं. खाली घसरणारा प्लॅस्टिकचा तळ, कडेला पोलादी पट्टी, मध्ये लाकूड, लाकडाच्या खाली-वर काचेचं कापड, आणि सगळं एकजीव करणारा चिकट रेझिन. हे सगळं वळणदार साच्यावर ठेवून ऊब द्यायची आणि प्रचंड दाबून धरायचं, तेव्हा कुठे ती फळी स्की होते. दाबायला प्रेस पाहिजे. ती तू घरीच केलीस. तुझ्या शेतातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, पाडलेल्या पुलाचे जुने गर्डर आणून, खाली-वर ठेवून, बाजूला जाड प्लेटा आणि माझ्या मनगटाएवढे बोल्ट लावून. साचे मी प्लायवूडचे कापून दिले. वरच्या साच्याखाली आगीच्या बंबाचे चपटे पाईप आडवे घातलेस, दोन्ही टोकं पोलादी पट्ट्यांत आवळून बंद केलीस, आणि त्यांत कॉम्प्रेसरने हवा भरायची ठरवलंस. पाईप फुगला की साचा दाबला जाणार, सगळीकडे सारखा. कल्पना चांगली होती, हे मी तुला कधी म्हणालो नाही. आता म्हणतो.

पण तिथूनच आपली भांडणं सुरू झाली. तू म्हणायचास, "ट्रकच्या टायरात याच्या दुप्पट हवा असती, शेठ. फाट्यावर पंक्चरवाला पोरगा त्यावर बसून बिडी वढतो."

मी म्हणायचो, "टायर कारखान्यात होतो. हे तू केलंयस."

दीड मीटर लांब, वीतभर रुंद पाईप. त्यातली हवा थोडी असली तरी एवढ्या जागेवरचा तिचा जोर मोजला तर कांद्याने भरलेला ट्रक त्या साच्यावर उभा केल्यासारखं होतं. मी तो हिशेब तुला दाखवला तेव्हा तू दुसऱ्याच दिवशी गर्डरला आणखी दोन बोल्ट मारलेस. पण पाण्याच्या चाचणीला तू काही तयार होईनास. माझं म्हणणं एवढंच होतं की हवा भरायच्या आधी, आणि मध्ये खंड पडला की दर वेळी, पाईपात पाणी भरून हातपंपाने दाब चढवून बघायचा. पाणी आवळलं तरी त्यात जोर साठत नाही. पाईप सुटला तर पाणी सांडतं, लादी पुसावी लागते. हवेचा पाईप सुटला तर पट्टी पत्र्याच्या आरपार जाते, आणि मध्ये माणूस असेल तर माणसाच्या. तू याला 'शेठची जलपूजा' म्हणायचास. पण करायचास. पंप आणायचास, कुरकुर करायचास आणि करायचास. काम करायच्या जागेच्या आणि प्रेसच्या मध्ये सिमेंटच्या विटांची भिंत मी मागितली, ती तू एका आठवड्यात उभी केलीस आणि सगळे नळ भिंतीच्या अलीकडे आणलेस. पाईपच्या टोकांच्या समोर कुणी उभं राहायचं नाही, म्हणून तिथे वाळूची पोती रचलीस. ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की आपोआप उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह पाईपच्या तोंडाशी बसवलास. हीटरला अर्थिंग दिलंस, वर झटका लागताच वीज तोडणारा स्विच लावलास. दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा शून्यावर आला तरी नळ पूर्ण उघडून कान दिल्याशिवाय साच्यात बोट घालायचं नाही, हा नियम मात्र तुझा. फौजेत बंदूक रिकामी आहे म्हणणाऱ्यालाही ती उघडून दाखवावी लागते, असं तू म्हणाला होतास.

पहिली जोडी झाली तेव्हा तिला पारखायला बर्फ कुठून आणायचा? तू ती मोठ्या मापाची मुद्दाम केली होतीस. उन्हाळ्यात गावामागच्या डोंगरावर वाळल्या गवतावरून घसरून दाखवलंस. गुरं राखणारे सगळे उभे राहून बघत होते. तू निघालास मोठ्या झोकात, काठ्या मारत, आणि पन्नास पावलांवर करवंदीच्या जाळीत गेलास. मी धावत आलो तर जाळीतून तुझा आवाज, "स्की मोडली का बघ आधी!" स्की शाबूत होती. तुझ्या पाठीतले काटे वहिनी चिमट्याने काढत होत्या आणि तू त्यांना सांगत होतास की काम एकदम बेस झालंय.

आणि मग गेल्या वर्षीची खंडेनवमी.

त्या दिवशी तुझ्याकडे कोयत्यापासून पॉवर टिलरपर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लागतं. प्रेसलाही लागलं. आपण ओटीवर चहा घेतला, मी घरी आलो. त्यानंतरच्या रविवारी पोरांची जोडी दाबायची होती. मध्ये खंड पडला होता, म्हणून आधी पाणी. प्रेसला झेंडूचा भरगच्च हार तसाच होता. पूजेचा हार आपल्या हाताने तोडायचा नसतो, सुकून पडेपर्यंत राहू द्यायचा, ही तुमच्या घरची रीत. मीही तो तसाच राहू दिला. तू भिंतीआडून पंप मारायला लागलास. काटा ठरलेल्या दाबावर आला. व्हॉल्व्ह उडायला पाहिजे होता. उडेना.

"थांब," मी म्हटलं.

"उडंल, उडंल."

"नाम्या, थांब!"

"आरं, जरा जाम झाला आसंल," म्हणत तू आणखी एक दांडा मारलास, आणि धप्पकन आवाज झाला. पाईपचं टोक पट्टीतून निसटलं होतं. वाळूच्या पोत्यांवर पाण्याचा लोट, आपण दोघं पोटऱ्यांपर्यंत ओले, तू दांडा हातात धरून उभा. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तिथे पाण्याऐवजी हवा असती तर, हे आपण दोघांनीही त्या दिवशी तोंडातून काढलं नाही.

व्हॉल्व्ह का उडाला नाही ते बघायला तू पुढे गेलास. हाराची नायलॉनची दोरी व्हॉल्व्हच्या दांडीला दोनदा गुंडाळून, वर घट्ट गाठ मारून ठेवलेली. दांडी उचलली जाणार कशी? मी जवळ येईपर्यंत तू पक्कडीने ती दोरी तोडलीस आणि हार, दोरी सगळं गोळा करून खिशात कोंबलंस. मला तेव्हाच नवल वाटलं होतं. कांद्याच्या गोणीची सुतळीसुद्धा तू कधी तोडत नाहीस, नखाने गाठ सोडवून गुंडाळून ठेवतोस. पण तेव्हा जास्त विचार केला नाही.

मग वळून तू मला म्हणालास, "शेठ, हार व्हॉल्व्हला बांधतात का?"

मी? मी कशाला हार बांधू? मी जैन माणूस, मशीनला मी फार तर तेल घालतो. पण तू ऐकेनास. "तूच बांधलास, आठव, मी पेढं आनाया गेलो तवा बांधलास," हेच तुझं पालुपद. एकदा नाही, वर्षभर. ठाकूरच्या फोनवर हसत हसत, पारावर चारचौघांत, आणि एकदा तर तुझ्या ओटीवर, वहिनी चहा घेऊन उभ्या असताना: "ह्या शेठनं आपल्याला आभाळात धाडलं असतं बरं का." वहिनींनी कप ठेवला आणि आत निघून गेल्या. मला तुझा इतका संताप आला की दोन रविवार मी महाळुंग्याला फिरकलो नाही. सुरक्षिततेच्या नावाने तुझं डोकं खाणारा मी, आणि सगळ्या पंचक्रोशीत व्हॉल्व्ह बांधणारा म्हणून माझं नाव! तिसऱ्या रविवारी तू दुकानात आलास, प्लायवूडच्या थप्पीवर बसलास. मी चहा मागवला. विषय तिथेच राहिला.

त्या महिन्यात तू व्हॉल्व्हवर जाळीचा पिंजरा वेल्ड केलास, आत बोटही जाणार नाही असा. शिवाय शेडच्या दाराच्या चौकटीला आतून एक लोखंडी हूक मारलास. म्हणालास, "आता हार हितं. मशिनीवर काय बी न्हाई." ते बरोबरच होतं. पण हूक इतका खाली मारलास की येता-जाता माझ्या खांद्याला लागायचा. एकदा बाही फाटली माझी. मी म्हटलं, फौजी, हातभर वर मारायला काय झालं होतं? तू म्हणालास, "तू वाकून चालत जा." बस, एवढंच.

यंदा संवत्सरीला मी नेहमीप्रमाणे तुला फोन केला. आमच्यात त्या दिवशी वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलेल्या सगळ्यांची माफी मागायची, हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायचं. गेली कितीतरी वर्षं मी म्हणायचो आणि तू पलीकडून एकच ठरलेलं बोलायचास, "माफ केलं, शेठ. एक च्या पाज." यंदा मी बोलायच्या आधीच तू म्हणालास, "शेठ, मिच्छामि दुक्कडं." शब्दसुद्धा नीट. मी हसलो. म्हटलं, फौजीला काय झालं आज? तू म्हणालास, "न्हाई, एकदा आमी बी म्हनून बघावं." आणि मी दुसऱ्या कुणाचा फोन येतोय म्हणून ठेवून दिला. उत्तर दिलं नाही. गणपती उठल्यावर एका सकाळी तू गोठ्यात गायीपाशी बसलास आणि उठला नाहीस.

हार्टनं गेलास. प्रेस त्या आठवड्यात सुरूही नव्हती. पण गावाला कोण सांगणार? गेल्या वर्षीचा तो धप्प आवाज साऱ्या आळीने ऐकला होता. 'त्या मशिनीनं खाल्ला फौजीला' हे मी तुझ्या दशक्रियेच्या घाटावर माझ्या कानांनी ऐकलं. तुझ्या महेशने चाकणहून मला फोन केला, "काका, आई त्या शेडच्या जवळ जात न्हाई. ते सगळं भंगारवाल्याला देऊन टाकू, तुमी जरा बघा." पोराची चूक नाही, त्याला आईची काळजी. आणि तिकडे ठाकूर फोनवर फोन करून नुसता रडतो, स्कीचा विषय काढत नाही, तेच मला जास्त लागतं. त्याच्याकडे बर्फ लवकर पडतो. तीन जोड्या तू पाठवल्यास. चौथीची लाकडं तू रंधा मारून, कडा घासून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून आत ठेवली आहेत हे मला माहीत होतं. ती तशी भंगारात जाऊ द्यायची नाही, असं मी तुझ्या तेराव्याच्या जेवणाच्या पंक्तीतच ठरवलं होतं.

म्हणून किल्ली मागत राहिलो. दर वेळी वहिनी पाणी द्यायच्या, चहा द्यायच्या, आणि किल्लीचं नाव काढलं की, "न्हाई भावजी, त्या शेडात आता कुनी जायचं न्हाई." मी समजावायचो, रागवायचो, परत यायचो. काल खंडेनवमी म्हणून पुन्हा गेलो. ठरवून गेलो होतो की आज किल्ली घेतल्याशिवाय ओटी सोडायची नाही.

बसलो. म्हटलं, "वहिनी, लोकांच्या बोलण्याला काय अर्थ आहे? तुम्हीच होतात गोठ्यात."

"लोकांचं न्हाई वो. माझंच हाय."

"तुमचं काय?"

बराच वेळ त्या हातातल्या ताटातलं कुंकू सारखं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यो हार मी बांधला व्हता."

कोणता हार, हे मला विचारावं लागलं नाही.

"तुमी दोघं हितं च्या घेत व्हता. मी मागनं गेले, ववाळलं. येवढ्या लोखंडात हार आडकवाया एक जागा गावंना. ती दांडी दिसली. म्हनलं, पडाया नको, म्हनून दोन येढं देऊन गोनीची गाठ मारली. माझ्या हातानं, भावजी. देवाचा हार, अन् त्योच त्यांच्या जीवावर उठला. तवा वाचले, पन वरीस न्हाई झालं..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ते तुमच्या नावानं बोलायचे तवा माझा जीव खालीवर व्हायचा. रोज म्हनायची, आज सांगंन. सांगितलंच न्हाई. तसंच गेले, काय बी ठाव नसताना."

गोणीची गाठ. नाम्या, ती पक्कड तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली. बाजारात शंभर गोण्यांत तुझी गोणी तू वहिनींनी मारलेल्या त्या गाठीवरून ओळखायचास. मी म्हटलं, "वहिनी, त्याला ठाऊक होतं."

"कसं आसंल? कदी एक शब्द बोलले न्हाईत."

"उठा. हार घ्या तो, आणि चला."

त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली. शेडच्या वाटेवर गवत वाढलंय. कुलूप गंजून जड झालं होतं, पण उघडलं. आत सगळं तू ठेवलंस तसं होतं. वहिनी उंबऱ्यातच थांबल्या, प्रेसकडे बघेनात. हार हातात. मी म्हटलं, "मशिनीवर नको. दाराला बघा, हूक आहे."

त्यांनी हात वर केला आणि हार अडकवला. टाचा उचलल्या नाहीत, हात ताणला नाही. वहिनी केवढ्याशा आहेत तुला माहीत आहे. तुझ्या घरातल्या साखरेच्या डब्यासाठी त्यांना स्टूल लागतं. हूक बरोबर त्यांच्या हाताच्या टोकाला होता. मला जो वर्षभर खांद्याला लागत होता तो. वहिनींनी हार सोडला नाही, तसाच धरून उभ्या राहिल्या. मग हुकावरून बोट फिरवत म्हणाल्या, "किती मापून लावलाय वो," आणि चौकटीला डोकं टेकून रडायला लागल्या.

मी पाठ करून उभा राहिलो. मलाही काही दिसत नव्हतं. तू बायकोला एका शब्दाने टोचलं नाहीस, तिला कळूही दिलं नाहीस की तुला कळलंय, आणि त्यासाठी साऱ्या गावात माझं नाव पुढे केलंस. कारण कुणाचं तरी नाव घ्यावं लागणार होतं, आणि शेठ काय, शेठ सहन करतो. सरळ मला कानात सांगितलं असतंस तर मी स्वतःच पारावर उभा राहून म्हटलं असतं, हो बाबांनो, मीच बांधला. एवढाही भरवसा नव्हता का? का तुला माहीत होतं की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही? असेल. तेही खरंच आहे.

रडून झाल्यावर वहिनींनी तोंड धुतलं, पाण्याची मोटार चालू केली आणि मला विचारलं, "आता काय करायचं असतं आधी?"

मी म्हटलं, "आधी पाणी."

नाम्या, काल आम्ही दोघांनी तुझी प्रेस चालवली. त्यांनी पंप मारला, मी काट्याकडे बघितलं, दोघंही भिंतीआड. ठरलेल्या दाबाला काटा आला आणि तुझा व्हॉल्व्ह पिंजऱ्यात टण्णकन उडून पाण्याची चिळकांडी थेट पत्र्यावर गेली. वहिनी दचकल्या. मग त्यांना समजलं की हे असंच व्हायला पाहिजे असतं, आणि गेल्या वर्षी एवढंच झालं नव्हतं. त्यांनी पुन्हा तीनदा पंप मारला. देवाचा कोप वगैरे काही नाही, एक दांडी अडकली होती. हे सांगून जे पटलं नसतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने पंप मारून बघितलं. मग पाणी सोडून पाईप वाळवला. हातमोजे, तोंडाला मास्क. तू रंधा मारून ठेवलेली लाकडं फडक्यातून काढली. काचेच्या कापडावर रेझिन पसरताना वहिनींचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो. भाकरीवर तूप लावावं तसं सारखं लावलं, कुठे ओघळ नाही. सगळं थरावर थर ठेवलं, साचा बसवला, पाईपात हवा भरली, हीटर लावला. पोत्यांच्या बाजूने कुणी जाऊ नये म्हणून दाराशी मोत्याला बांधलं. तुझ्या प्रेसवर आजवर केलेल्या पहाऱ्यांत हा सर्वांत कडक पहारा होता.

दुपारी महेशचा फोन आला, भंगारवाला विचारतोय म्हणून. वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाल्या, "भंगार न्हाई ते. तुजा बाप ते काम मागं ठिवून गेलाय. म्या अन् भावजी करनार हाय. रविवारी आलास तर पंप मारायला ये." आणि ठेवून दिला. ठाकूरला मी संध्याकाळी कळवलं. राहिलेल्या सगळ्या जोड्या बर्फाच्या आत जातील, असा शब्द या वेळी मी दिलाय. तुझा नाही, माझा.

ऊन कलल्यावर हीटर बंद करून गार होऊ दिलं, हवा सोडली. काटा शून्यावर आला. वहिनी पुढे झाल्या तेव्हा मी त्यांना अडवलं. "आधी नळ पूर्ण उघडा. कान द्या."

त्यांनी नळ उघडला, पदर मागे सारून कान दिला. किती तरी वेळ तशाच वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "काय बी आवाज न्हाई, भावजी."

साचा उचलला. तुझी जोडी निघाली. कडा अजून कापायच्या आहेत, घासायच्या आहेत, पण वळण बरोबर आलंय, आणि कुठे फुगा नाही, फट नाही. वहिनींनी एक स्की उभी धरली तर त्यांच्या खांद्याला लागली. त्या म्हणाल्या, "येवढीच पोरं का?" मी म्हटलं, एवढीच. त्यांनी ती पदराने पुसली आणि दाराशी, हाराखाली टेकवून ठेवली.

मी निघालो. त्या हुकाने पुन्हा खांद्याला ओरखडा काढला. तेव्हा मला संवत्सरीचा तुझा फोन आठवला, आणि मी हसून ठेवून दिलेलं ते वाक्य. त्याचं उत्तर तुला द्यायचं राहिलं होतं. शेडच्या दारात उभा राहून मोठ्याने दिलं, वहिनींनी ऐकलं, मोत्याने ऐकलं. तूही ऐक.

माफ केलं, नाम्या. एक च्या पाज.